बहात्तराव्या वर्षीचं इंजेक्शन



गेल्या महिन्यात गुडघा फारच कुरकुरू लागला म्हणून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "सर, तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि त्यातला प्लेटलेट्सचा भाग गुडघ्यात टोचायचा." याला पीआरपी म्हणतात. खर्चाचा आकडा ऐकल्यावर पेन्शनचं पासबुक डोळ्यांपुढे आलं! जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा म्हटलं आधी याचा इतिहास बघू.

रक्त गोठायला मदत करणाऱ्या या चिमुकल्या कणांचं काम इटलीच्या बिझ्झोझेरो यांनी १८८२ साली दाखवून दिलं. पुढे १९७४ मध्ये कळलं की पेशींच्या वाढीला चालना देणारे घटकही त्यांच्यात असतात. १९९८ साली अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाचं रोपण करताना पीआरपी वापरलं. मग ते गुडघ्यात गेलं, टकलावर गेलं, सुरकुत्यांतही गेलं.

पण मला आठवले ते ब्राऊन-सेकार. पॅरिसमधले नामवंत शरीरशास्त्रज्ञ. १८८९ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत सांगितलं की ताकद परत आली, जिने जवळजवळ धावत चढतो! जगभर त्या अर्काची लाट आली. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तसाच अर्क बनवून तपासला. त्यात संप्रेरक इतकं कमी निघालं की परिणाम होणं शक्यच नव्हतं. गृहस्थ खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

पीआरपी म्हणजे काही तो अर्क नव्हे. काही चाचण्यांत फायदा दिसलाही आहे. पण २०२१ साली ऑस्ट्रेलियातच झिजलेल्या गुडघ्यांच्या २८८ जणांवर मोठी चाचणी झाली. काहींना पीआरपी, काहींना नुसतं मिठाचं पाणी. वर्षाने पाहिलं तर दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालेलं!

मीही यंदा ७२ चा. टोचून घेतलं असतं, तर मीसुद्धा बरं वाटल्याचंच इथे लिहिलं असतं, अगदी प्रामाणिकपणे.

असो. तूर्त मांडीचे व्यायाम चालू आहेत. मोजायला ही समोर बसते, त्यामुळे चुकवता येत नाहीत. जिना मात्र अजून कठडा धरूनच.