तारेला निरोप मिळाला, थ्रीजीला नाही. आता टूजीचं काय?

१४ जुलै २०१३ हा तारसेवेचा शेवटचा दिवस. बीएसएनएलने महिनाभर आधी तारीख जाहीर केली होती. मोठ्या शहरांत लोकांनी आठवण म्हणून शेवटची तार करायला रांगा लावल्या. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त तारमास्तरांवर मी तेव्हा चौकट लिहिली होती, ती अजून कात्रणांच्या फायलीत आहे.

मंडळी, त्यानंतर देशात दोन मोठी मोबाईल नेटवर्कं गेली. त्यांच्यासाठी ना रांग लागली ना चौकट आली.

पहिलं सीडीएमए. मोबाईल आपल्याकडे आला ३१ जुलै १९९५ ला. ज्योती बसूंनी कोलकात्यातून दिल्लीत सुखराम यांना पहिला फोन लावला. पण तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, त्यामुळे गावाकडे त्याचा काही उपयोग नव्हता. गावात मोबाईल खरा शिरला २००३ मध्ये. मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि पावसाळ्यात रिलायन्सची ५०१ रुपयांची योजना आली. दूधवाला, सोसायटीचा सचिव, वीटभट्टीवाला, सगळ्यांच्या कमरेला हँडसेट. त्यातल्या बहुतेकांत सिमकार्डच नव्हतं, फोन कंपनीशी बांधलेला. म्हणून २०१६ मध्ये त्या कंपनीने सीडीएमए आवरून ग्राहक फोरजीकडे वळवले तेव्हा नंबर वाचले, हँडसेट मात्र पोरांच्या खेळण्यात गेले.

दुसरं थ्रीजी. २०१० च्या लिलावात सरकारला ६७ हजार कोटींवर रक्कम मिळाली होती. केवढा गाजावाजा! आणि २०१९ च्या मध्यात एअरटेलने कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला सुरुवातही केली, पुढच्या वर्षभरात देशभर गुंडाळलं. म्हणजे पुरती दहा वर्षंही नाहीत.

आता गंमत बघा. धाकटं थ्रीजी आधी गेलं आणि थोरलं टूजी अजून हयात आहे. कारण साधं आहे. कंपनीकडचे तरंग म्हणजे वावर, ते काही वाढत नाही. फोरजीचं पीक घ्यायचं तर कुठलं तरी जुनं काढावं लागतं. थ्रीजीवाल्यांना स्मार्टफोन बदलायला लावणं सोपं होतं. टूजीवर मात्र कोट्यवधी कीपॅड फोन होते, ते तोडले तर गिऱ्हाईकच जातं. थ्रीजी काढलं तेव्हा ज्यांच्या फोनमध्ये फोरजी नव्हतं ते निमूट टूजीवर घसरले. ‘नेट लई स्लो झालंय’ म्हणत टॉवरला शिव्या घालत बसले. नेटवर्कच काढून घेतलंय, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही.

आणि आता टूजीचा नंबर कधीतरी लागणारच. जिओकडे टूजी पहिल्यापासून नाही. २०२३ मध्ये ‘जिओ भारत’ फोन आणताना त्यांनीच देशात २५ कोटी लोक टूजीत अडकल्याचं सांगितलं होतं. २०२४ च्या सुरुवातीला ट्रायपुढे टूजी-थ्रीजी पूर्ण बंद करण्याचं धोरण सरकारने आखावं, अशी मागणीही केली. यात त्यांचा धंदा आहे हे उघड आहे. पण दोन-दोन नेटवर्कं चालवण्याचा खर्च फुकट जातो, हा मुद्दा खोटा नाही. माझा वाद बंद करण्याशी नाही, न सांगता बंद करण्याशी आहे.

कारण टूजीवर नुसते आजीचे फोन नाहीत. रात्रीच्या लाईटीला विहिरीवर जायला नको म्हणून बसवलेले मोटारीचे मोबाईल स्टार्टर बघा. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने ही वाट दाखवली, नंतर बाजारात कितीतरी कंपन्यांचे आले. जुन्यांपैकी बरेचसे टूजी सिमवर चालतात. तसंच जुन्या कार्ड मशीनचं आणि गाड्यांच्या जीपीएसचं. बिननेटचं *९९# बँकिंग तर कीपॅड फोनवाल्यांचाच आधार.

ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा कंपनीने थ्रीजी बंद करणार हे २०१९ मध्येच जाहीर केलं होतं, पाच वर्षं आधी. तरी शेवटी कळलं की काही फोन साधा कॉल फोरजीवर लावतात, पण ०००, म्हणजे आपल्या ११२ सारखा आणीबाणीचा नंबर, फिरवला की थ्रीजी शोधतात! मुदत वाढवावी लागली. ३४९८ वर ‘३’ असा मेसेज टाकला की तुमचा फोन चालेल की नाही ते कळायचं. मग २८ ऑक्टोबर २०२४ ला नेटवर्क बंद झालं.

आपल्याकडे टूजीची अशी तारीख जाहीर नाही. ती किमान दोन-तीन वर्षं आधी, ग्रामपंचायतीच्या फळ्यापर्यंत पोचेल अशी जाहीर व्हायला हवी आणि फोन तपासायचा असा एखादा नंबर असायला हवा. खासदार मतदारसंघात आले की हा प्रश्न मी विचारणार आहे, तुम्हीही विचारा.

तोवर एवढं करा. घरात नवा फोन घेताना ‘व्होल्टी आहे का’ हे दुकानदाराला विचारा, नुसतं फोरजी लिहिलेलं बघू नका. कारण व्होल्टी नसलेला फोन नेट फोरजीवर चालवतो आणि बोलायला टूजीच शोधतो. स्टार्टर घेणार असाल तर खोकं उलटून बघा. गेल्या आठवड्यात बाजारपेठेत मी एक बघितला. कोरा करकरीत, दोन वर्षांची वॉरंटी आणि मागे बारीक अक्षरात ‘फक्त टूजी’.