कट्ट्यावरची फेरी

दादरच्या शिवाजी पार्कभोवती जो बुटका कठडा आहे, त्याला अख्खी मुंबई कट्टा म्हणते. उजाडायच्या आत त्याच्या कडेने पावले वाजू लागतात. एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते. अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस, एवढ्यावर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सांगितलेली दीडशे मिनिटे पूर्ण होतात. पण इथे मिनिटे मोजणारे थोडे. चौथी फेरी होते ती सोबतच्या माणसाचे बोलणे संपलेले नसते म्हणून. दमलेला माणूस कट्ट्यावर टेकतो, तिथे आणखी दोघे भेटतात, आणि उद्या पुन्हा यायचे ठरते.

या सवयीमागची गोष्ट प्लेगपर्यंत जाते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर गावाकडे पळाले. रोग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. सरकारचा संशय कोंदट हवेवर आणि अंधाऱ्या खोल्यांवर होता. त्यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले गेले. त्यासाठी गरिबांची घरे पडली आणि ती माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. ट्रस्टच्या कामाची ही बाजू विसरून चालणार नाही.

तरीही ट्रस्टने हवा आणि उजेड यांना मोजमाप दिले, ही त्याची खरी कमाई. अध्यक्ष जे. पी. ऑर यांच्या काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आला. भूमितीची भाषा काढून टाकली तर त्याचा अर्थ सोपा होता: समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आभाळ दिसेल. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती या विचारात वाढल्या. ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी जोशी यांनी पारशी कॉलनीसाठी ध्यास घेतला, आणि तिथल्या फाइव्ह गार्डन्सची सावली आजही माणसांना घराबाहेर काढते.

माहीम पार्क नावाचे मैदान महापालिकेने १९२५ मध्ये खुले केले. दोनच वर्षांनी, तेव्हा मानल्या जाणाऱ्या जन्मसालानुसार, शिवजन्माची त्रिशताब्दी आली. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने मैदानाला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. पुढच्या दोन दशकांत भोवती तीन-चार मजली इमारती उठल्या. त्यांच्या गॅलऱ्या मैदानाकडे तोंड करून होत्या. आईने गॅलरीतून हाक मारली की पोराला ऐकू जाई, म्हणून पोराला मैदानावर सोडायला आई घाबरत नसे. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब, पलीकडे क्रिकेटची नेट, कडेला फेरी मारणारी म्हातारी माणसे, असा एकाच जागेवर सगळ्या वयांचा वावर सुरू झाला.

प्लेगने घाबरलेल्या शहराने फुप्फुसांचा विचार केला होता. मन मात्र त्या हिशेबात नव्हते. मनाच्या आजारासाठी याच सुमारास, १९०१ मध्ये, ठाण्याचे मनोरुग्णालय सुरू झाले, शहरापासून दूर, भिंतींच्या आत. घराजवळच्या मैदानाचा मनाशी संबंध असेल, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

तो नीट विचारला गेला कॅलिफोर्नियात. ऑकलंड शहर ज्यात येते त्या अलामेडा काउंटीत १९६५ पासून हजारो रहिवाशांच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. त्यातून १९९१ मध्ये निघालेल्या एका शोधनिबंधात दिसले की, ज्यांची हालचाल कमी होती त्यांना पुढे नैराश्याचा धोका जास्त होता. आयरीन येन आणि जॉर्ज कॅप्लन यांनी १९९८ मध्ये पुढचा धागा पकडला. गरीब वस्तीत राहणाऱ्यांची हालचाल काळाबरोबर जास्त घटत होती, आणि प्रत्येकाचे स्वतःचे उत्पन्न लक्षात घेतले तरी हा फरक उरत होता. म्हणजे माणूस का चालत नाही, याचे उत्तर निदान काही अंशी त्याच्या गल्लीत होते. माणसाला ‘आळशी आहे’ म्हणून मोकळे होणाऱ्या सल्लागारांनी हे निष्कर्ष वाचायला हवेत.

मुंबईत हीच गोष्ट कापडगिरण्यांच्या वस्तीकडे, गिरणगावाकडे, पाहिले की कळते. लालबाग-परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, पण चाळीच्या चौकात हुतूतू होता आणि व्यायामशाळेत जोर-बैठका. पाळी संपवून आलेला कामगार खोलीत थांबत नसे, तो खाली उतरे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. हाताला काम नाही आणि दिवस सरत नाही, अशा वेळी चौकातली ती माणसे किती आधाराची होती, हे गिरणगावात वाढलेल्यांना सांगावे लागत नाही.

गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीत शहराला दुसरी संधी होती. १९९१ च्या नियमाने तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी ठेवला. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या तुकड्यांची, इमारतींखालच्या जमिनीची नाही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. चाळींच्या डोक्यावर टॉवर आले, त्यांच्या बागा पोडियमवर गेल्या आणि फाटकाशी पहारेकरी उभा राहिला.

लालबागहून शिवाजी पार्क चारेक किलोमीटर पडते. तिथल्या निवृत्त माणसाला फेरी मारायची असेल, तर आधी बस धरावी लागते.