लहरींचे गायरान

अनेक ग्रामपंचायतींच्या आणि शाळांच्या भिंतीवर आता एक पांढरी पेटी दिसते. तिला एकदोन शिंगे असतात, एखादा हिरवा दिवा लुकलुकत असतो. मुले तिला 'वायफाय' म्हणतात. तंत्रज्ञांच्या भाषेत तो अ‍ॅक्सेस पॉइंट. एका बाजूने तिच्यात तार येते आणि दुसऱ्या बाजूने ती आसपासच्या फोनांशी व संगणकांशी बिनतारी बोलते. या पेटीचा इतिहास बहुतेक वेळा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी दोन मेगाबिट, मग अकरा, मग चोपन्न आणि आता हजारो. आमच्या मते यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही पेटी ज्या लहरींवर चालते, त्या कोणाच्याच मालकीच्या नाहीत. खेड्यात जसे गायरान असते, तसे हे लहरींचे गायरान आहे.

गायरानात कोणाचेही जनावर चरू शकते, पण कुंपण कोणालाच घालता येत नाही. अशी जमीन टिकायची तर वापरणाऱ्यांना काही रीत पाळावी लागते. अ‍ॅक्सेस पॉइंटमधील तांत्रिक शोध म्हणजे अशीच रीत यंत्राच्या अंगी बाणवण्याचे प्रयत्न होत.

परवान्याचा काळ

आपल्याकडे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांनी लहरींवर सरकारची मालकी ठरवली होती. नुसते बिनतारी यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागे. घरच्या रेडिओचे शुल्क दरवर्षी पोस्टात भरून पुस्तकावर शिक्का घेतल्याचे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. असा कायदा बहुतेक सर्व देशांत होता. त्यामागचा विचार सरळ होता: दोन प्रक्षेपक एकाच कंप्रतेवर बोलले तर कोणाचेच ऐकू येणार नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळा पट्टा आखून द्यावा.

काही पट्टे मात्र टाकाऊ समजले जात. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा १९४७ पासून उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील यंत्रांसाठी राखून ठेवला होता. अन्न तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्या याच पट्ट्यात चालतात. जिथे भट्ट्यांचा गोंगाट, तिथे संदेश कोण पाठवणार? पण १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने असे तीन पट्टे कमी शक्तीच्या संदेशवहनासाठी विनापरवाना खुले केले. अट एवढीच, की संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवायचा, म्हणजे कोणा एकाला त्याचा जाच होणार नाही. पडीक जमीन गायरान झाली ती अशी.

पाळी कोणाची?

खुल्या जागेत पहिला प्रश्न पाळीचा येतो. त्याचे पहिले उत्तर याआधीच हवाई बेटांवर मिळाले होते. तेथील विद्यापीठाला निरनिराळ्या बेटांवरची केंद्रे होनोलुलूच्या मोठ्या संगणकाशी जोडायची होती. नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये 'अलोहा' नावाचे रेडिओजाळे सुरू केले. नियम अगदी साधा होता. बोलावेसे वाटले की बोलावे. पोच आली नाही, तर दोघांची टक्कर झाली असे समजून थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. थांबण्याचा वेळ मात्र प्रत्येकाने मनाला येईल तसा घ्यावा, नाहीतर तेच दोघे पुन्हा एकदम बोलतील.

वर्गात हे करून पाहता येते. मुलांना डोळे मिटायला सांगा. कोणीही, कोणत्याही क्रमाने, एकेक आकडा मोठ्याने म्हणत वीसपर्यंत पोचायचे. दोघांनी एकदम आकडा म्हटला, की पुन्हा एकपासून सुरुवात. पाच मुले असली तर जमते. पन्नास असली तर पाचाच्या पुढे जाणे कठीण होते. अलोहाचेही तसेच होते. गणित सांगते की या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त सुमारे १८ टक्के वेळच कामी येतो.

यावर उपाय म्हणजे बोलण्याआधी ऐकणे. नेदरलँड्समधील एनसीआर कंपनीच्या अभियंत्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाच उपाय वापरला. त्यांची अडचण व्यापारी होती. मोठ्या दुकानांतील गल्ले हलवले की दर वेळी तारा नव्याने टाकाव्या लागत. त्यांनी बिनतारी जोडणीचे कार्ड बनवले. सर्व कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून १९९० मध्ये ८०२.११ या क्रमांकाची समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष व्हिक हेज हे याच कंपनीचे. पहिले प्रमाण १९९७ मध्ये निघाले, त्याचा वेग दोन मेगाबिट. 'वायफाय' हे नाव १९९९ चे. ते कशाचेही लघुरूप नाही, व्यापारासाठी घेतलेले सुटसुटीत नाव आहे.

या प्रमाणातील रीत अशी: आधी ऐका. शांतता असेल तर मनातल्या मनात एक यादृच्छिक आकडा मोजा आणि मग बोला. टक्कर झाली तर पुढच्या वेळी मोजायच्या आकड्याची मर्यादा दुप्पट करा. म्हणजे गर्दी वाढली की प्रत्येकजण आपोआप अधिक सबुरीने वागतो. पाळी लावायला पाटील लागत नाही.

यातही एक खोच आहे. टेकडीच्या माथ्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट आहे आणि दोन बाजूंच्या उतारांवर दोन वस्त्या आहेत, असे समजा. माथ्याला दोघींचे ऐकू येते, पण त्यांना एकमेकींचे ऐकू येत नाही. दोघींनाही शांतता वाटते, दोघी एकदम बोलतात आणि माथ्यावर गोंधळ होतो. म्हणून आधी छोटी विचारणा पाठवायची, अ‍ॅक्सेस पॉइंटने 'हां, बोल' म्हणायचे, आणि ते ऐकून इतरांनी गप्प बसायचे, अशीही सोय प्रमाणात केली गेली.

प्रतिध्वनीचा उपद्रव, प्रतिध्वनीचा उपयोग

दुसरा प्रश्न भिंतींचा. विजापूरच्या गोल घुमटात सावकाश बोलले तर शब्द कळतात, भरभर बोलले की मागच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्यावर येऊन आदळतो. खोलीत रेडिओलहरींचेही असेच होते. भिंती, कपाटे, छत यांवरून परावर्तित झालेल्या लहरी थोड्या थोड्या उशिराने पोचतात. वेग वाढवू जावे तो संदेश अधिकच फिसकटतो.

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेतील जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यावरच्या उपायासाठी पेटंट अर्ज केला. ओसलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १९७० च्या दशकात स्फोट पावणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे रेडिओस्पंद शोधण्याचा प्रयत्न केला होता. ते स्पंद सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या लहरींतून मूळ संकेत काढण्याचे गणित हाताशी राहिले. उपायाचे सूत्र असे, की एकाने भरभर बोलण्याऐवजी अनेकांनी एकाच वेळी, निरनिराळ्या स्वरांत, सावकाश बोलावे. संदेश अनेक स्वरांत वाटण्याची ही कल्पना त्याआधीची होती. खोलीतल्या जलद जाळ्यासाठी ती कामाची करून दाखवणे ही नवी गोष्ट होती. १९९९ च्या ५४ मेगाबिटच्या प्रमाणात ५२ उपवाहक लहरी आहेत. प्रत्येक चिन्हाला ४ मायक्रोसेकंद मिळतात आणि त्यातले ०.८ मायक्रोसेकंद प्रतिध्वनी विरण्यासाठी सोडलेले असतात. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. म्हणजे सरळ मार्गापेक्षा २४० मीटरपर्यंत लांबचा वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनीही सहन होतो. वरच्या वर्गातील मुलांना हे गणित सहज करता येईल.

पुढची पायरी अधिक चमत्कारिक आहे. प्रतिध्वनी सोसण्याऐवजी तो वापरूनच घ्यायचा. आपल्याला दोन कान असल्यामुळे कोणता आवाज कोठून आला हे कळते. तसे दोन्ही टोकांना अनेक अँटेना लावल्या, तर वेगवेगळ्या वाटांनी आलेले वेगवेगळे संदेश एकाच कंप्रतेवर असूनही वेगळे करता येतात. या कल्पनेचे एक मूलभूत पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठातील आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांच्या नावावर आहे. अर्ज १९९२ चा. कैलथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला आणि १९५६ मध्ये पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते दूरसंचाराची पदवी घेऊन बाहेर पडले. पॉलराज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात गेले आणि पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या सोनार यंत्रणेवर त्यांनी काम केले. भिंतीवरच्या पेटीला एकापेक्षा अधिक शिंगे का असतात, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. २००९ च्या प्रमाणापासून ही युक्ती वायफायमध्ये रूढ झाली.

गायरान भारतात

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासह खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. प्रक्षेपकाची शक्ती एक वॅटपर्यंत ठेवण्याची अट घातली गेली. पाच गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घराबाहेरही खुला व्हायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. हा तपशील कोरडा वाटेल, पण खेड्यांच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. कारण मोबाइल कंपन्या लिलावात घेतलेला पट्टा जिथे पैसे वसूल होतील तिथेच आधी वापरणार. विरळ वस्तीच्या पाड्याला उरतात त्या कोणाच्याच नसलेल्या लहरी.

पण कार्यालयासाठी घडवलेले यंत्र रानात नेले की त्याची रीत बिघडते. सुरुवातीच्या वायफायमध्ये वेळेचा एक ठोका २० मायक्रोसेकंदांचा होता. तेवढ्या वेळात लहर सहा किलोमीटर जाते, म्हणजे जाऊन येऊन तीन. अंतर त्याहून बरेच वाढले की पोच वेळेत येत नाही आणि पोचलेला निरोपही पाठवणाऱ्याला हरवलेला वाटतो. शक्ती पुरेशी असते, सबुरी पुरत नाही. आयआयटी कानपूरमध्ये २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रकल्पाने गंगेच्या मैदानात साध्या वायफाय यंत्रांवर कित्येक किलोमीटरचे दुवे उभारले. तेथील भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू (दोघे पुढे आयआयटी मुंबईत आले) यांनी २००५ मध्ये नवी रीत सुचवली. एका मनोऱ्यावरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम बोलायचे, मग सगळ्यांनी एकदम ऐकायचे. एक बोलत असताना शेजारची ऐकू पाहते तेव्हा तिचे कान बधिर होतात, ती अडचण यात उरत नाही.

महाराष्ट्रातला प्रयोग पालघरचा. आयआयटी मुंबईचे अभय करंदीकर आणि त्यांच्या गटाने 'ग्राममार्ग' प्रकल्पात खामलोलीच्या परिसरातील सात पाडे जोडले. त्यासाठी त्यांनी दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरल्या. २०१४ मध्ये याच गटाने दाखवून दिले होते, की ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधील १५ वाहिन्यांपैकी निदान १२ देशात जवळजवळ सर्वत्र मोकळ्या पडून आहेत. या लहरींची लांबी अर्ध्या मीटरहून अधिक. वायफायच्या साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला झाडी अडवते, या लहरी झाडीतून बऱ्याच सुखरूप पार होतात. परवाना मात्र प्रयोगापुरता होता. पुढे पंचवीस गावांपर्यंत जाताना विनापरवाना ५.८ गिगाहर्ट्झचाच आधार घ्यावा लागला. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

पालीचा हिशेब

आता बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याच्या वाटेवर असलेल्या पालीसारखे गाव डोळ्यासमोर आणा. पालीजवळ बिंदुसरेचे धरण, भोवती बालाघाटचे चढउतार. अशा मुलखात प्रश्न झाडीपेक्षा डोंगराच्या आडोशाचा असतो. पाच गिगाहर्ट्झच्या लहरीला समोरासमोर नजर भिडावी लागते, म्हणून मधल्या उंचवट्यावर एखादा टप्पा लागतो. जलाशयावरून जाणाऱ्या दुव्याला आणखी एक गंमत अनुभवावी लागते. सपाट पाण्यावरून परावर्तित झालेली लहर सरळ लहरीत मिसळते. दोन्ही जुळल्या तर जोर वाढतो, विरुद्ध आल्या तर घटतो. पाण्याची पातळी पावसाळ्यात वर आणि उन्हाळ्यात खाली जाते. त्यामुळे श्रावणात चोख चालणारा दुवा अँटेना न हलताही चैत्रात मंदावू शकतो. व्यतिकरणाचा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण पुस्तकात मिळणार नाही. उपायही पुस्तकातलाच: दोन अँटेना वेगवेगळ्या उंचीवर लावाव्यात, म्हणजे दोन्ही एकाच वेळी बधिर होत नाहीत.

ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि २०१५ पासून ती 'भारतनेट' म्हणून ओळखली जाते. पण पंचायतीपासून शाळेपर्यंत आणि वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा तंतूने जोडणे दर ठिकाणी परवडत नाही. तो टप्पा ही पेटीच ओलांडू शकते. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावालाही परवाना आणि शुल्क न भरता असे केंद्र चालवू शकतो. एकेकाळच्या एसटीडी बूथचीच ही पुढची पिढी.

गायरानाला अतिक्रमणाचे भय असते, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. सहा गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने २०२० मध्ये वायफायसाठी मोकळा केला. आपल्याकडे त्यातला किती भाग खुला ठेवायचा आणि किती मोबाइल सेवेला द्यायचा, यावर कित्येक वर्षे वाद चालला. हा वाद वर्तमानपत्रात अर्थविषयक पानावर छापला जातो. आमच्या मते तो विज्ञानाच्या तासालाही यायला हवा. ऐकून मग बोलावे, गर्दीत सबुरी धरावी, आपला आवाज एक वॅटच्या वर जाऊ देऊ नये, एवढ्या नियमांवर कोट्यवधी यंत्रे मालकाविना एकाच हवेत नांदतात. सामाईक वस्तू सांभाळता येत नाही, तिला मालकच हवा, असे कोणी म्हणाले, तर विद्यार्थ्यांना वर्गाच्या भिंतीवरची ती पेटी दाखवावी.