हातावरचं गोंदण आणि त्याची निगा : खानदेशातली एक जुनी गोष्ट

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, सनदा आणि तारखा आठवतात. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांतून पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे आले, हे आपण शाळेत शिकतो. पण याच भागातल्या आजीचा हात हातात घेऊन बघा. हिरवट ठिपके, तुळस, विंचू, कुणाचं तरी नाव. हासुद्धा इतिहासच आहे, फक्त तो कातडीवर लिहिलेला आहे.

हे गोंदण करणाऱ्या बहुतेक भटक्या समाजांतल्या बायका. गावात किंवा जत्रेत त्या बसत. दोन-चार सुया एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी कालवायची आणि टोचत जायचं. दागिना चोर नेतो, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येतं, ही समजूत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे.

पण त्यानंतरचे पंधरा दिवस कसे जायचे, हे फारसं कुणी विचारत नाही. गोंदण म्हणजे शेवटी जखमच. तिच्यावर हळद आणि तेल लावत. जखमेवर शेण किंवा माती थापायची सवयही गावोगाव होती आणि त्यात धनुर्वाताचा धोका असे. शिवाय एकाच सुयांनी अख्ख्या आळीच्या पोरी गोंदल्या जात. रक्तातून रोग पसरतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आणि हात तर कामाचा. पाठीवरची जखम झाकता येते, हाताला सुट्टी कोण देणार? भांडी, शेणसारवण, कापसाची वेचणी, केळीचा चीक, सगळं हातावरच. मुलींना बहुधा लग्नाआधीच गोंदत. त्यामागे चालीरीत होती, हे खरं. पण आम्हाला वाटतं, माहेरी चार दिवस हात जपायला मिळे, हाही त्यातला एक फायदा असावा. सासरी नव्या सुनेला 'आज भांडी राहू दे' असं कोण म्हणणार होतं?

१८९१ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल ओरायली यांनी विजेच्या गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून त्यांना ही कल्पना सुचली. आज आपल्या जत्रेतही बॅटरीवरचं मशीन घुर्र करतं आणि शहरात टॅटूची दुकानं आहेत. यंत्र बदललं, पण कातडी तीच आहे. शाई वरच्या थराखाली बसते आणि आपल्याच शरीरातल्या पेशी ती धरून ठेवतात. वरची जखम भरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात.

म्हणून आजची निगा थोडक्यात सांगतो. सुई नवी, डोळ्यांसमोर पाकिटातून काढलेली हवी, कारण कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. हात दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, टिपून कोरडा करा, सांगितलेलं मलम पातळसं लावा. खपली खाजवून काढू नका. विहिरीत, नदीत पोहणं टाळा. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन माहीतच आहे, तेव्हा हात सैल सुती कापडानं झाका. लाली पसरली, पू आला, ताप चढला तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टर गाठा. बोटांवरचं आणि तळव्याजवळचं गोंदण लवकर फिकट होतं, हेही आधीच समजून घ्या.

यातलं साबण-मलम बाजारात मिळतं. हाताला लागणारी विश्रांती मात्र घरातल्या माणसांनीच द्यावी लागते. तुमच्या घरी मुलीनं हात गोंदवून आणला, तर तिला रागावायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण पंधरा दिवस भांडी दुसऱ्या कुणीतरी घासा. आणि घरात आजी असेल, तर तिच्याजवळ बसून एवढं विचारा : तुझा हात दुखत होता, तेव्हा तुझं काम कुणी केलं गं?