वोकिंग

इंग्लंडच्या सरे परगण्यातील, लंडनच्या नैर्ऋत्येस सु. ३७ किमी. अंतरावरील शहर. उपनगरी भागांसह लोकसंख्या सु. १,०४,००० (२०२१). जलद गाडीने लंडनचे वॉटर्लू स्थानक अर्ध्या तासाच्या आत गाठता येते आणि रोज कामाला लंडनला जाणाऱ्यांचे गाव हीच वोकिंगची मुख्य ओळख. तथापि या शहराची वाढ झाली ती लंडनच्या मृतांसाठी घेतलेल्या जमिनीवर.

मूळ गाव वे नदीकाठी असून त्याला आता ओल्ड वोकिंग म्हणतात. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत त्याचा उल्लेख आहे. आठव्या हेन्रीच्या येथील राजवाड्याचे आता केवळ अवशेष उरले आहेत. १८३८ मध्ये रेल्वे आली ती गावापासून दूर, ओसाड माळरानावर. लंडनची दफनभूमी भरून वाहू लागल्यावर ‘लंडन नेक्रॉपोलिस’ कंपनीने १८५२ च्या कायद्यान्वये हे माळरान सु. २,००० एकर विकत घेतले. १८५४ मध्ये ब्रुकवुड दफनभूमी सुरू झाली. तिच्यासाठी वॉटर्लूहून खास गाडी सुटे. शवपेट्यांनाही प्रवाशांप्रमाणे वर्ग होते, तिकीट मात्र एकेरीच! ही सेवा १९४१ पर्यंत चालली. अपेक्षेइतके मृत आले नाहीत, तेव्हा कंपनीने उरलेली जमीन तुकड्यातुकड्यांनी घरांसाठी विकली. त्यातून स्थानकाभोवती नवे शहर वाढले. त्याची मांडणी विस्कळीत राहिली, यात नवल नाही.

ब्रिटनमधील पहिली दहनभूमीही येथलीच. तिची स्थापना १८७८ मध्ये झाली, पण विरोधामुळे पहिले मानवी दहन १८८५ पर्यंत लांबले. लाहोरच्या सरकारी महाविद्यालयाचे माजी प्राचार्य लाइटनर यांनी येथे प्राच्यविद्या संस्था काढली. भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या देणगीतून १८८९ मध्ये उभी राहिलेली मशीद ही मशीद म्हणूनच बांधलेली इंग्लंडमधील पहिली इमारत. एच. जी. वेल्स १८९५-९६ मध्ये येथे राहत होते. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत मंगळवासी प्रथम उतरतात ते जवळच्या हॉर्सेल माळावर. मॅक्लारेन या शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय शहराच्या उत्तरेस आहे.

अलीकडे नगरपरिषदेने कर्जे काढून मध्यवस्तीत उंच मनोरे उभारले. जून २०२३ मध्ये सु. १२० कोटी पौंडांच्या अपेक्षित तुटीमुळे तिला दिवाळखोरीसदृश स्थिती जाहीर करावी लागली. लहान शहराने झेपेल त्याहून कितीतरी मोठा डाव मांडला, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

ब्रुकवुडमध्ये १८६२ पासून पारशी समाजाची स्वतंत्र दफनभूमी आहे. जमशेटजी टाटा आणि त्यांचे पुत्र दोराबजी व रतन यांच्या समाध्या तेथे आहेत. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे माजी संपादक व कुराणाचे इंग्रजी अनुवादक मार्माड्यूक पिक्थॉल यांची कबरही ब्रुकवुडमध्येच आहे. मुंबईकर वाचकाला तेथे जायचे असल्यास वोकिंगच्या पुढच्याच ब्रुकवुड स्थानकावर उतरावे. दफनभूमी स्थानकाला लागूनच आहे.