लग्नाचा पेला आणि कुळाची चौकशी

लग्नविधींचा इतिहास लिहिणारे विधीत काय होते ते सांगतात. विधीपासून कोणाला दूर ठेवले गेले ते बहुधा सांगत नाहीत. जपानमधील ‘सान-सान-कुदो’ हा विधी या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

‘सान’ म्हणजे तीन आणि ‘कु’ म्हणजे नऊ. वधूवरांपुढे लहान, मधला आणि मोठा असे तीन उथळ पेले एकावर एक ठेवतात. त्यांत साके, म्हणजे तांदळाची दारू ओततात. प्रत्येक पेल्यातून दोघांनी तीन-तीन घोट घ्यायचे, असे नऊ घोट. पुष्कळदा दोन्हीकडचे आप्तही मग पेला घेतात, आणि दोन घराणी एक झाली असे मानले जाते. या विधीचे मूळ मुरोमाची काळातील (चौदावे ते सोळावे शतक) सामुराई घराण्यांच्या पेयपानाच्या शिष्टाचारात आहे. पुढे तो सामान्य जनांत उतरला. १९०० साली युवराज योशिहितो यांचा विवाह शिंतो पद्धतीने झाला, आणि त्यानंतर देवळातल्या लग्नाची प्रथा पसरत गेली. सनातन वाटणारे हे देवळातले लग्न एवढे अलीकडचे आहे!

पण हा पेला कोणी कोणाबरोबर प्यावा? त्याच जपानात जनावरे कापणारे, कातडी कमावणारे लोक ‘एता’ ठरवले गेले. हा शब्द ‘फार विटाळ’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, आणि त्यांच्याशी सोयरीक निषिद्ध. माझ्या आजोबांना गावात वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यावे लागे. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून आज मी वर्गात जपानचा इतिहास शिकवतो, तेव्हा ही अक्षरे मला परकी वाटत नाहीत.

१८७१ साली सरकारी फर्मानाने ‘एता’ हे नाव रद्द झाले, पण या बुराकू समाजासाठी लग्नाचा पेला खुला झाला नाही. १९२२ साली क्योतो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’ ही आपली समतेची संघटना स्थापन केली. १९३३ साली ताकामात्सुच्या न्यायालयाने, आपले बुराकूपण लपवून एका तरुणीशी लग्न जुळवले म्हणून बुराकू तरुणांना दोषी ठरवले. म्हणजे फर्मानाने पुसलेला जन्म न्यायालयाने पुन्हा उकरून काढला. सुइहेइशाने याविरुद्ध देशभर मोहीम उघडली. १९७५ साली बुराकू वस्त्यांच्या नावांची गुप्त पुस्तके विकली जात असल्याचे उघडकीस आले. नोकरी देताना माणसाचे मूळ शोधण्यासाठी २०० हून अधिक कंपन्यांनी ती घेतली होती. लग्न ठरवतानाही खाजगी हेरांकडून कुळाची चौकशी होई. त्यावर १९८५ साली ओसाका प्रांताला निर्बंध आणावा लागला, आणि २०१६ साली बुराकूंविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्यासाठी देशव्यापी कायदा करावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या, लाहोरला होऊ न दिलेल्या भाषणात सहभोजन पुरेसे नाही, जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हवा, असे मांडले होते. जपानचा अनुभव त्याला दुजोरा देतो. कायद्याने धंदा खुला होतो, शाळा खुली होते. रक्ताचे नाते जोडायची वेळ आली की समाज जुनी वही काढतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे: कुठल्याही विधीचे कौतुक वाचताना, तो विधी कोणाला नाकारला गेला हा प्रश्न आधी विचारा.