निजतानाचा शेमा

ज्यू धर्मात निजण्यापूर्वी म्हणावयाच्या प्रार्थनेचा गाभा म्हणजे ‘शेमा’, अर्थात ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारे ‘तोरा’ या पवित्र पंचग्रंथातील वचन व त्यापुढील उतारे. त्यांपैकी पहिला उतारा ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात असून, ही वचने निजताना आणि उठताना बोलावीत अशी आज्ञाही त्यातच आहे. ही निजण्याची वेळ कोणती, हा प्रश्न रब्बींना, म्हणजे धर्मशास्त्राच्या आचार्यांना, इतका मोलाचा वाटला की इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या धर्मसंहितेचा आरंभच रात्रीचा शेमा केव्हापासून म्हणावा या चर्चेने झाला आहे. पंडितांनी मध्यरात्रीची मर्यादा घातली, तर आचार्य रब्बान गमलिएल यांनी पहाटेपर्यंत मुभा दिली आणि मेजवानीहून उशिरा परतलेल्या आपल्या मुलांनाही तोच निर्णय सांगितला.

सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत शेमा म्हटलेला असताना तो अंथरुणावर पुन्हा कशासाठी, याचे उत्तर मात्र एकच नाही. मिश्नेवरील विवेचनाचा महाग्रंथ जो बाबिलोनी ताल्मूद, त्यातील ‘बराखोत’ या प्रकरणात रब्बी यहोशुआ बेन लेवी यांचे मत असे नोंदले आहे की सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, शेमा म्हटला असला तरी शय्येवर तो पुन्हा म्हणणे हे पुण्यकर्म होय. शास्त्राध्ययनात गढलेल्या विद्वानाला त्याची गरज नाही, असे त्याच ग्रंथात आचार्य रव नहमान म्हणतात; त्यावर आचार्य अबाये सुचवतात की विद्वानानेही आपला आत्मा ईश्वराच्या हाती सोपवणारे स्तोत्रवचन तरी म्हणावे. पुढे अकराव्या शतकात फ्रान्समधील त्र्वा या गावचे भाष्यकार राशी यांनी या पुनरुक्तीला निराळे कारण दिले. तेथील समाज अंधार पडण्यापूर्वीच सायंप्रार्थना उरकत असे. तेव्हा रात्रीच्या शेम्याचे कर्तव्य खऱ्या अर्थाने अंथरुणावरच पार पडते, असा त्यांचा निर्वाळा होता. त्यांचेच नातू रब्बेनू ताम यांना तो मान्य झाला नाही.

शास्त्रार्थाच्या या चौकटीबाहेर रात्रीचे भय उभे होते, आणि प्रार्थनेचा बराचसा विस्तार, स्पष्टच सांगायचे तर, त्या भयाने घडवला आहे. शय्येवर शेमा म्हणणारा जणू दुधारी तलवार हाती धरतो आणि पिशाच्चे त्याच्यापासून दूर राहतात, असे ताल्मूदच सांगतो. स्तोत्रसंहितेतील एक्याण्णवावे व तिसरे ही स्तोत्रे निजताना म्हणण्याची प्रथाही संरक्षणासाठीच पडली. तोरेच्या शब्दांनी रोग बरे करण्यास शास्त्राची मनाई असल्याने या प्रथेवर आक्षेप आला, तेव्हा उपचार वेगळा आणि संरक्षण वेगळे, अशी तोड काढण्यात आली. ही तोड रब्बींच्या चातुर्याइतकीच त्यांच्या अगतिकतेचीही निदर्शक आहे, कारण लोक ती वचने म्हणणे सोडणार नव्हते. उजवीकडे मीखाएल, डावीकडे गब्रीएल, पुढे उरीएल, मागे रफाएल हे देवदूत आणि मस्तकावर ‘शेखिना’, म्हणजे ईश्वराचे सान्निध्य, अशी कल्पना करणारे वचन प्रार्थनाग्रंथांत आले, तेही याच ओढीने. वल्हांडण सणाच्या रात्री ही भर किती ते उघड होते: ती रात्र ईश्वरानेच राखलेली मानली जात असल्याने संरक्षणाची वचने गाळून शेमा तेवढा म्हणण्याचा रिवाज सोळाव्या शतकात क्राकूवचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी नोंदला आहे.

याखेरीज ‘हामापिल’ हा आशीर्वाद, म्हणजे डोळ्यांवर झोपेचे पाश टाकणाऱ्या ईश्वराचे स्तवन, ताल्मूदमध्येच दिलेला आहे. दुःस्वप्नांपासून रक्षण व्हावे आणि सकाळी पुन्हा डोळे उघडावेत अशी याचना त्यात आहे. झोप हा मृत्यूचा साठावा अंश, अशी त्याच ग्रंथातील धारणा ध्यानात घेतली की या याचनेतील गांभीर्य कळते. दिवसभरात ज्यांनी दुखावले त्यांना निजण्यापूर्वी क्षमा करण्याची रीतही जुनीच, मार झुत्रा या आचार्याच्या नावे ताल्मूदमध्ये सांगितलेली. पुढे सफेद येथील इसहाक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या गूढवादी परंपरेच्या प्रभावाने निजतानाच्या प्रार्थनेत क्षमा आणि पापकबुली यांना मोठे स्थान मिळाले.

मुलाला बोलता येऊ लागताच पित्याने शेम्याचे पहिले वचन शिकवावे, असा ताल्मूदचा दंडक आहे. मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंमध्ये सुंतेच्या आदल्या रात्री शेजारची मुले बाळाजवळ जमून शेमा म्हणत आणि खाऊ घेऊन घरी जात.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते, त्या काळातही शेमा टिकून होता, असे त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या लोकांत जन्म, सुंता, लग्न आणि मृत्यू अशा सर्व प्रसंगी तेच एक वचन म्हटले जाई. सिनेगॉगमधील विधिपूर्वक उपासना त्यांच्याकडे पुढे रुजली. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभे राहिले, आणि एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.